चिचारोनचा फोटो कोणी लावायचा?

'कोको' हा अॅनिमेशनपट पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याला शेवट आठवतो. चाकाच्या खुर्चीतली पणजी, पुढ्यात गिटार घेऊन बसलेला बारा वर्षांचा पणतू आणि तिच्या सुरकुतल्या बोटांनी नकळत धरलेला ताल. थिएटरात त्या वेळी जो तो रुमाल शोधत असतो. मीही शोधला होता.

माझ्या मनात मात्र अडकून राहिला तो त्याच्या बराच आधी येणारा, जेमतेम तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग. मृतांच्या नगरीच्या अगदी खालच्या अंगाला, पाण्याच्या काठी एक फळकुटांची वस्ती आहे. वर दिव्यांचे मनोरे आणि गाणं-बजावणं, खाली अंधार. जिवंत जगात ज्यांचा फोटो कुणीच लावत नाही, ते इथे राहतात. मिगेल, म्हणजे तो बारा वर्षांचा पणतू, जिवंतपणीच या नगरीत येऊन अडकलाय. हेक्टर नावाचा भणंग सांगाडा त्याला घेऊन इथे येतो तेव्हा वस्तीतले सगळे हेक्टरला भाऊ, चुलतभाऊ अशा हाका मारतात. हे सगळे तुझे नातेवाईक का, असं मिगेल विचारतो. एका अर्थी हो, हेक्टर म्हणतो. आमचं कुणीच नाही, म्हणून आम्हीच एकमेकांना काका, भाऊ म्हणतो.

ते आलेत चिचारोन नावाच्या कुरकुऱ्या म्हाताऱ्याकडे गिटार मागायला. हेक्टरने आजवर त्याची व्हॅन, छोटा फ्रिज, चांगले नॅपकिन, इतकंच काय, मांडीचं हाडसुद्धा नेलंय आणि परत केलेलं नाही. त्यामुळे म्हातारा आधी सगळा हिशेब मांडतो. मग म्हणतो, गिटार ने, पण जुन्या दिवसांसाठी एक गाणं म्हण. हेक्टर गातो. गाणं संपतासंपता म्हातारा मंद उजळतो आणि सोनेरी धुळीसारखा विरून जातो. जिवंतांत त्याची आठवण असलेलं शेवटचं माणूसही गेलेलं असतं. मिगेल लगेच म्हणतो, मी भेटलोय ना त्यांना, परत गेलो की मी आठवण ठेवीन! हेक्टर सांगतो, ते तसं चालत नाही. ज्यांनी तुला जिवंतपणी पाहिलं त्यांनी तुझ्या गोष्टी पुढच्यांना सांगायला लागतात.

का चालत नाही? पोरगं आठवण ठेवायला तयार आहे. त्याने म्हाताऱ्याचं गाणं ऐकलंय, त्याला जाताना पाहिलंय. तरी नियम म्हणतो, नाही. सिनेमा पुढे सरकतो, आपणही सरकतो, आणि शेवटी रडून 'कुटुंब हेच सगळं' असं म्हणत बाहेर पडतो. माझं भांडण या नियमाशी आहे. माझ्या मते सिनेमाच्या स्वतःच्या मनालाही हा नियम पटलेला नाही, आणि 'कोको'मधलं जे सगळ्यात खरं आहे ते नियमाच्या बाजूला नाही, चिचारोनच्या बाजूला आहे.

आधी सिनेमाच्या पदरात जे टाकायला हवं ते टाकते. २०१७ साली पिक्सारने काढलेला हा चित्रपट. दिग्दर्शक ली उन्क्रिच, सहदिग्दर्शक एड्रियन मोलिना. त्याच्या पहिल्या आराखड्यात नायक होता अर्धा मेक्सिकन, अर्धा अमेरिकन मुलगा. त्याची आई वारलेली आणि गोष्टीच्या ओघात तो आईचं दुःख मागे टाकायला शिकणार, असा बेत होता. काम बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण मेक्सिकोच्या मृतांच्या सणावर सिनेमा करतोय आणि त्यातून त्या सणाच्या नेमकं उलटं सांगतोय. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत माणसं मृतांना मागे टाकत नाहीत, जेवायला बोलावतात. तो आराखडा मोडीत निघाला. मधे २०१३ साली पिक्सारच्या मालक कंपनीने, डिस्नेने, त्या सणाच्या नावावर व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगायचा अर्ज केला, त्यावर असा गदारोळ उठला की अर्ज मागे घ्यावा लागला. तेव्हा व्यंगचित्रातून डिस्नेची सालटी काढणारे लालो अल्काराझ यांनाच पुढे या सिनेमासाठी सल्लागार म्हणून घेतलं. हा शहाणपणा की धंद्याची हुशारी, हे ज्याने त्याने ठरवावं. सिनेमाचं भलं झालं एवढं खरं.

'विसर आणि पुढे चल' हा सल्ला आता आपल्याकडेही फुकट मिळतो. तेराव्यानंतर पंधरा दिवसांनी कुणी रडलं, की 'अजून सावरली नाहीस का?' असं विचारणारे भेटतात. आपली जुनी रीत याहून बरीच गुंतागुंतीची होती. ती मृताला निरोपही देते आणि दर भाद्रपद वद्यात पुन्हा बोलावतेही. दहाव्याच्या दिवशी नदीकाठचा देखावा आठवा. पिंड मांडलेला असतो, कावळे समोरच्या झाडावर बसून असतात आणि शिवत नाहीत. मग घरातला एकेक जण पुढे होतो. 'धाकट्याचं लग्न मी लावून देईन.' 'आईला मी बघीन, काळजी करू नका.' 'वाटणीवरून भांडणार नाही आम्ही.' कधी या शब्दांनंतर कावळा झेपावतो, कधी उन्हं चढतात आणि शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावतात. कावळ्याच्या पोटात काय असतं ते कावळ्याला ठाऊक. पण जमलेल्या माणसांदेखत, मोठ्याने, जिवंतांविषयी वचन द्यावं लागतं, हे मला त्या विधीतलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. मृताशी नातं ठेवायचं म्हणजे मागे उरलेल्यांचं काहीतरी अंगावर घ्यायचं.

'कोको'तली इमेल्डा याच जागी उलटी उभी आहे. मिगेलला परत जिवंत जगात जायचं तर घरच्या मृताने झेंडूची पाकळी हातात धरून आशीर्वाद द्यायला हवा. खापरपणजी इमेल्डा तो देते, पण अट घालते: आयुष्यात पुन्हा संगीताचं नाव काढायचं नाही. नवरा गाण्यापायी घर सोडून गेला, परतला नाही. तिने एकटीने चपला-बूट शिवायचा धंदा उभा केला, पोर वाढवली आणि घरात सूर वर्ज्य केला. तिच्या रागाला कारण आहे. पण तो राग चौथ्या पिढीतल्या पोरावर लादणं हा जुलूम आहे, आणि सिनेमा त्याला जुलूमच म्हणतो. आजी एलेना चप्पल उगारून वाजंत्र्याला पळवते तेव्हा हसू येतं. तीच आजी नातवाची हाताने बनवलेली गिटार आपटून फोडते, तेव्हा हसू आवरतं. 'कोको' पाहून कुटुंबाची महती गाणारे हा प्रसंग सहसा विसरतात. शेवटी इमेल्डा पाकळी पुन्हा हातात घेते आणि या वेळी अट घालत नाही. माझ्या लेखी सिनेमा तिथे वळतो. मिगेलला घर परत मिळालं, त्याआधी घराला बदलावं लागलं.

आता नियमाकडे वळू. सिनेमातली मृतांची नगरी म्हणजे थेट विमानतळ आहे. चौक्या, रांगा, यंत्रं. जिवंत जगात तुमचा फोटो कुणी लावला असेल तर सणाच्या रात्री तिकडे जाणारा पूल ओलांडा, नसेल तर माघारी फिरा. हेक्टर मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचा वेश करून निसटायला बघतो आणि पकडला जातो. अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायच्या घोषणा गाजत होत्या त्याच वर्षी हा सिनेमा आला. मेक्सिकोत तो अमेरिकेच्या जवळजवळ महिनाभर आधी लागला आणि तिथल्या प्रेक्षकांनी थिएटरं ओसंडून टाकली. कागद नसलेल्या माणसाची ही गंमत कुठे लागते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पण फोटो ही अट मुळात कुणाला परवडते? आपल्याच घरांकडे बघा. भिंतीवर फेट्यातले पणजोबा असतात. पणजीचा फोटो? 'तिचा काढलाच नव्हता कधी.' तिचं माहेरचं नावसुद्धा सांगता येत नाही अशी घरं मी कितीतरी पाहिली. कॅमेऱ्यासमोर बसायला पैसे लागत, उसंत लागे, आणि हिचा फोटो काढावा असं कुणाला तरी वाटावं लागे. 'कोको'चा कायदा इथे लागू केला तर आपल्या निम्म्याअधिक पणज्या त्या फळकुटांच्या वस्तीत सापडतील.

बरं, हा नियम सगळ्यांना सारखाही नाही. एर्नेस्तो दे ला क्रूझ हा सिनेमातला महान गायक. तो १९४२ साली रंगमंचावर घंटेखाली चिरडून मेला. त्याला घरदार नाही, मूलबाळ नाही. तरी त्याच्या नावाने नैवेद्याच्या राशी येतात, वाडा झगमगतो. का? कारण लाखो चाहत्यांना तो आठवतो. यातल्या कितीकांनी त्याला जिवंतपणी पाहिलं होतं? मिगेलने तरी कुठे पाहिलं होतं? म्हणजे चिचारोनच्या बाबतीत 'ते तसं चालत नाही' आणि दे ला क्रूझच्या बाबतीत सगळं चालतं. एका गरीब म्हाताऱ्याला एका अनोळखी पोराने आठवणीत ठेवलं तर ते मोजलं जात नाही. प्रसिद्ध माणसाला अनोळखी लोकांच्या टाळ्या पुरतात. पटकथेतली फट म्हणून हे सोडून देता आलं असतं, पण जगही असंच चालतं. चौकातल्या पुतळ्याला रोज हार मिळतो आणि तो चौक झाडणाऱ्याचं नाव त्याच्या मुकादमाला विचारावं लागतं.

तोच दे ला क्रूझ खुनी निघतो. हेक्टरची गाणी चोरण्यासाठी त्याने मित्राला विष पाजलेलं असतं. हेक्टर म्हणजेच इमेल्डाचा नवरा, पणजी कोकोचा बाप. तो घर सोडून पळाला नव्हता, घरी परत निघाला होता, वाटेतच मारला गेला. शंभर वर्षं त्याच्या घरच्यांनी त्याला पळपुटा समजून फोटोतून त्याचं तोंड फाडून टाकलं. अॅनिमेशनच्या रंगांमुळे आपल्या ध्यानात येत नाही, पण हेक्टर हा बेपत्ता माणूस आहे, आणि बेपत्ता हा शब्द मेक्सिकोत साधा नाही. २०१४ च्या सप्टेंबरात आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातले ४३ विद्यार्थी इगुआला शहरात एका रात्रीत नाहीसे झाले. २०२२ साली त्या देशाच्या सरकारी नोंदीतला बेपत्ता माणसांचा आकडा १ लाखाच्या पुढे गेला. फावडी आणि लोखंडी सळया घेऊन माळरानात आपल्या मुलांना शोधत हिंडणाऱ्या आयांचे गट तिथे आहेत. यातल्या कितीतरी घरांत नोव्हेंबर आला की एकच वाद होतो: त्याचा फोटो ओफ्रेंदावर ठेवायचा की नाही? ओफ्रेंदा म्हणजे मृतांसाठी घरात केलेली नैवेद्याची मांडणी. ठेवला तर तो मेला हे कबूल केल्यासारखं होतं. नाही ठेवला तर तो कुठेच नाही. या आयांच्या प्रेमात काय कमी आहे, की फोटो नाही म्हणून त्यांच्या पोराला पूल ओलांडता येऊ नये?

आता सिनेमाची दुसरी बाजू. तिच्यासाठीच मला तो आवडतो.

सुरुवातीलाच मिगेल पणजीची ओळख करून देतो. मामा कोकोला आता काही आठवत नाही. ती त्याला मिगेल म्हणून ओळखतही नाही, हुलिओ म्हणते. हुलिओ तिचा मेलेला नवरा. पण मिगेल तिला सगळं सांगतो. धावतो, नाचतो, गुपितं सांगतो, स्वतःच्या गालावरची खळी दाखवतो. तिला लक्षात राहणार नाही हे ठाऊक असून सांगतो. एकीकडे सिनेमाचा कायदा म्हणतो, आठवण गेली की माणूस गेला. दुसरीकडे त्याच सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत एक पोरगं, जिला त्याचं नावही आठवत नाही अशा बाईशी घट्ट नातं ठेवून असतं. त्याला तिच्याकडून पोच नको असते.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची ज्यांनी देखभाल केलीय त्यांना या प्रसंगाची किंमत कळेल. आई आपल्याला 'तुम्ही कोण?' म्हणते त्या दिवशी आत काहीतरी तुटतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण तिची वेणी घालतो. ओळख पुसली म्हणून वेणी थांबत नाही. जुनं गाणं लावलं की अशी माणसं क्षणभर उजळतात, शब्द गेले तरी सूर टिकतात, हे डॉक्टरही सांगतात आणि घरचेही अनुभवतात. त्यामुळे शेवटचा प्रसंग खोटा नाही. पण प्रत्यक्षात ते उजळणं दोन मिनिटांचं असतं, मग पुन्हा पडदा. सिनेमाने आपल्याला ती दोन मिनिटं दिली. वेणीची दहा वर्षं नाही दाखवली. ती दाखवायला गेलो तर तिकीट कोण काढेल?

आणि इथे मला सिनेमा थोडा निर्दयही वाटतो. त्याच्या नियमानुसार हेक्टरचं अस्तित्व एका नव्वदी ओलांडलेल्या, विसरत चाललेल्या म्हातारीच्या मेंदूवर टांगलेलं आहे. ती विसरली की बाप संपला. म्हणजे विस्मरण हा तिचा अपराधच झाला म्हणायचा! त्यापेक्षा मला हेक्टर आणि चिचारोनचा हिशेब बरा वाटतो. व्हॅन नेली, फ्रिज नेला, हाड नेलं, काही परत केलं नाही, आणि तरीही जायच्या क्षणी उशाशी बसून त्याला हवं ते गाणं म्हटलं. रक्त नाही, फोटो नाही, वारसा नाही. तो शेवटचा क्षण चिचारोन एकटा घालवत नाही. आयुष्याला अर्थ येतो तो असा, हे सिनेमाने दाखवलं. मग कायद्याच्या पुस्तकात मात्र लिहिलं नाही.

गंमत म्हणजे मेक्सिकोच्या परंपरेत ते लिहिलेलं आहे. तिथल्या अनेक घरांत ओफ्रेंदावर एक मेणबत्ती जास्तीची लावतात: ज्याचं कोणी नाही अशा आत्म्यासाठी. एवढ्या बारकाईने सण टिपणाऱ्या सिनेमाने, कापलेल्या रंगीत कागदांपासून शोलो जातीच्या बिनकेसाच्या कुत्र्यापर्यंत सगळं दाखवणाऱ्या सिनेमाने, ती एक मेणबत्ती गाळली. ती ठेवली असती तर चिचारोनला विरघळवता आलं नसतं, हे मला कळतं. तरीही चुटपुट लागते.

आपल्याकडेही तशी सोय आहे. तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी सर्वपित्री अमावस्या आहे. आणि तर्पणात एक श्लोक येतो: 'येषां न माता न पिता न बन्धुः'. ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाही, तेही या पाण्याने तृप्त होवोत. भटजी तो इतका भरभर म्हणतात की यजमानाच्या कानावर जेमतेम पडतो. पण ज्याने तो रचला त्याने कुळाच्या यादीला मुद्दाम एक खिडकी ठेवली. नाहीतर ती यादी भारी काटेकोर. बाप, आजोबा, पणजोबा, तसेच आईकडचे. हेक्टर मिगेलचा कोण लागतो? बापाच्या आईच्या आईचा बाप. आपल्या यादीत तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. 'कोको'त मात्र रिव्हेरा हे घराणं इमेल्डा, कोको, एलेना अशा बायकांच्या हातून पुढे येतं आणि त्याचा कुणी गाजावाजाही करत नाही. ते मला फार आवडलं. झेंडू तिकडचा, पोर्तुगिजांबरोबर इकडे आला आणि आपल्या दसऱ्याचा होऊन बसला असं म्हणतात. त्याच्याबरोबर हीही रीत यायला हरकत नव्हती.

कुणी म्हणेल, लहान मुलांच्या सिनेमावर किती ओझं टाकाल? पण मुलांच्या सिनेमातूनच आपण मुलांना सांगतो, की तुझं या जगात काय आणि कोण. आपण काय सांगतो? लग्न कर, मुलं होऊ दे, नाहीतर म्हातारपणी पाणी कोण देईल. एकटं राहणाऱ्या बाईला हे वाक्य वर्षातून किती वेळा ऐकावं लागतं ते तिला विचारा. कुटुंबाबाहेर अर्थ नाही असं एकदा ठरवलं, की समाजाला हात झटकायला मोकळीक मिळते. ज्याचं कुटुंब नाही त्याचं नशीब. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नाते' हा रकाना असतो. तीस वर्षं शेजारी राहिलेली मैत्रीण तिथे काय लिहिणार? 'शेजारी' लिहिलं की काउंटरवरचा माणूस विचारतो, 'घरचं कोणी नाही का?' कायदा या बाबतीत कधी कधी समाजाच्या पुढे असतो. 'कोको' आला त्याच २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला आपला प्रतिनिधी म्हणून कुठल्याही सज्ञान माणसाचं नाव देता येतं, तो रक्ताचा असायची अट नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये दीपिका सिंग यांच्या बाळंतपणाच्या रजेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुटुंब म्हणजे फक्त आई, बाप आणि मुलं ही कल्पना अपुरी आहे. लग्नाविना एकत्र राहणारी माणसंही कुटुंब असू शकतात. काउंटरवरच्या माणसापर्यंत हे पोचायचं आहे.

आणि अयोध्येचे मोहम्मद शरीफ. सायकल दुरुस्त करणारा माणूस. तिशीसुद्धा न गाठलेला मुलगा परगावी मारला गेला आणि त्याचं प्रेत बेवारस म्हणून विल्हेवाट लावून मोकळे झाले. बापाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून शरीफचाचांनी आपल्या भागातली बेवारस प्रेतं शोधून, हिंदू असेल त्याला अग्नी आणि मुसलमान असेल त्याला माती द्यायचं काम अंगावर घेतलं. वर्षानुवर्षं, हजारो माणसांसाठी. २०२० च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचं नाव आलं. यातल्या एकालाही त्यांनी जिवंतपणी पाहिलं नव्हतं. हेक्टरच्या नियमाने हे चालत नाही. त्यांनी चालवलं.

मला कुटुंबाचा तिटकारा नाही. मी भरल्या घरात वाढले आणि त्याचे फायदे चाखले. दे ला क्रूझचे लाखो चाहते आणि हेक्टरची एक मुलगी यांत मुलगी जड, हेही मान्य. पुढच्या वर्षी दे ला क्रूझच्या पुतळ्याच्या गळ्यात 'तुला विसरलो' असा फलक लटकतो आणि गर्दी किती स्वस्त असते ते दिसतं. एक माणूस पुरतं. फक्त ते एक माणूस पोटचंच असावं लागतं, हे मला मान्य नाही. सिनेमाच्या शेवटी हेक्टर फोटोच्या जोरावर ऐटीत पूल ओलांडतो, आपण टाळ्या वाजवतो. खालच्या वस्तीत त्या वर्षी कोण कोण उरलं, कॅमेरा बघायला जात नाही.

आमच्या घरी तिथ्यांची वही आत्याकडे होती. ती स्वतः बिनलग्नाची, शाळामास्तरीण. भावांना आपल्या बापाची तिथी कॅलेंडर बघून सांगावी लागे. हिला सासरी गेलेल्या मावश्यांच्या सासवांच्यासुद्धा पाठ. वही आता माझ्याकडे आहे. लाल शाईत तिथी, निळ्या शाईत नाव, कुठे कुठे एखादी आठवण: 'आळूची भाजी आवडे', 'चिडका'. शेवटच्या पानावर सर्वपित्रीच्या खाली एकच ओळ आहे, 'खालच्या खोलीतले कंपाउंडर'. ते मला अंधुक आठवतात. पांढरा सदरा, औषधांचा वास, एकटेच असायचे. गेले तेव्हा गावाकडून कुणी आलं नव्हतं.

आत्या असताना मी तिला विचारलं होतं, त्यांचं आपल्याशी नातं काय?

"नातं कसलं," ती म्हणाली. "दुपारचा चहा आपल्याकडे घ्यायचे. साखर जास्त लागायची त्यांना."